सेंटरचा घोटा

चव्वेचाळीसचा पाय पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा टेबल अपुरं पडलं. घोट्याला टेप बांधायची तर पोटरी टेबलावर हवी, पाऊल कडेबाहेर, घोटा काटकोनात आणि बोटं वर. हा मागे सरकत सरकत भिंतीला टेकला, तरी गुडघ्याखालचा निम्मा पाय हवेतच. शेवटी मी स्टूल ओढलं, त्याची टाच मांडीवर घेतली आणि कामाला लागले. पुढची चार वर्षं तो पाय रोज असाच माझ्या मांडीवर असायचा. बूट अमेरिकन मापाने सतरा नंबरचा. एका घोट्याला टेपचा जवळजवळ अख्खा रोल लागायचा.

ऑगस्ट २०१३ची गोष्ट. इंडियानातल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात मी ॲथलेटिक ट्रेनिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि पुरुषांच्या बास्केटबॉल संघाबरोबर काम करत होते. आधी शिकाऊ म्हणून, नंतर पगारावर. तो अठरा वर्षांचा, ओहायोतल्या एका लहान गावातून आलेला. उंची ६ फूट १० इंच, म्हणजे २०८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. जर्सीचा नंबर ४४ होता आणि आमच्या खोलीत सगळे नंबरांनीच ओळखले जायचे. कॉलेजच्या जर्सीवर तेव्हा शून्य ते पाच एवढेच आकडे चालत, कारण फाउल कोणाचा हे पंचाला बोटांनी दाखवावं लागतं आणि एका हाताला बोटं पाचच.

मी कोल्हापूरची. फिजिओथेरपीच्या पदवीच्या काळात आमच्या ओपीडीत तालमीतले पैलवान यायचे. कुणाचा खांदा निसटलेला, कुणाचा गुडघा, कान तर सगळ्यांचेच गाठी आलेले. एक वयस्कर वस्ताद एकदा एका पोराला घेऊन आले होते. आम्ही एक्स-रेची वाट बघत होतो, तोवर त्यांनी अंगठ्याने दाबत दाबत दुखरी जागा शोधून ठेवली होती. एक्स-रे आला, जागा तीच निघाली. बोटांनी बघायचं मी तिथे शिकले. अमेरिकेत यंत्रं पुष्कळ होती, तरी कुठलाही पाय हातात आला की मी आधी अंगठा फिरवायची. आई फोनवर विचारायची, "एवढं शिकून पोरांचे पाय बांधतीस व्हय?" मी म्हणायची, "होय आई, पाय बांधते." मला त्यात कमीपणा कधीच वाटला नाही.

सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच माणूस, रिंगखाली उभा राहतो, चेंडू मिळाला की वरून टाकतो, एवढीच माझी समजूत होती. बाकावर बसून रोज बघायला लागल्यावर कळलं की चेंडू त्याच्या हातात फारच थोडा वेळ असतो. त्याचं खरं काम चेंडूपासून लांब चालतं. आपल्या गार्डच्या मागे धावणाऱ्या बचावपटूच्या वाटेत जाऊन पाय रोवून उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे आणि तो येऊन आदळेपर्यंत हलायचं नाही. हललं की फाउल आपला. याला स्क्रीन म्हणतात. स्क्रीन लागली की गार्ड मोकळा होतो, तो बास्केट करतो, प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडतात. तोवर सेंटर वळून रिंगकडे धावलेला असतो, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत येणाऱ्या चेंडूसाठी, कुणाला तरी पाठीने रेटत. चेंडू गेला की पुन्हा दुसऱ्या टोकाला, तिथे आपली रिंग राखायला. जो कोणी आत घुसेल त्याच्या वाटेत उडी मारायची.

एका रात्री मी बोटांवर मोजलं. पहिल्या अर्ध्यात त्याने तेवीस स्क्रीन लावल्या. सामना संपल्यावर स्कोअरशीट हातात आलं: चार गुण, सात रिबाउंड, तीन फाउल. स्क्रीनला रकानाच नव्हता.

माझ्या टेबलावर मात्र सगळी नोंद असायची. डाव्या बरगडीवर कोपराएवढा गोल निळा डाग. मांडीच्या बाहेरच्या बाजूला गुडघा बसल्याची गाठ. करंगळी आणि शेजारचं बोट चेंडूवर आदळून आदळून इतकं जाड झालेलं की वहीत लिहिताना तो पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरायचा. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध सकाळी दोरासारखा ताठ. कोण त्याच्यावर कुठल्या बाजूने आदळलं हे मी दुसऱ्या दिवशी न विचारता सांगू शकायची. तो हसायचा आणि म्हणायचा, "डॉक, तू सामना बघत होतीस की मला?" मी डॉक्टर नव्हते, पण पोरं डॉकच म्हणत.

पहिल्या वर्षी तो कायम भुकेला असायचा. एवढ्या देहाला तीन वेळचं जेवण पुरत नाही, आणि खेळाडूंना विद्यापीठाने काय, किती वेळा खायला द्यावं याचेही एनसीएएचे, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेचे, नियम होते. ते एप्रिल २०१४ मध्ये सैल झाले. त्याआधी आमच्या खोलीत केळी आणि शेंगदाणे असत आणि रात्री नऊला तो दारात उभा असे. होळीला घरून पुरणपोळ्या आणायच्या होत्या, तर आधी नियम बघणाऱ्या कार्यालयाला विचारावं लागलं, खेळाडूला हा 'जादा लाभ' तर ठरणार नाही ना. परवानगी मिळाली. त्याने सात खाल्ल्या.

फेब्रुवारी २०१६, त्याचं तिसरं वर्ष. घरच्या मैदानावर सामना. रिबाउंडला उडी मारलेल्या माणसाला खाली कोणाचं पाऊल आहे ते दिसत नाही. सेंटरचे घोटे बहुतेक वेळा असेच जातात. तो वरून उतरला तो दुसऱ्याच्या बुटावर. उजवं पाऊल आत वळलं आणि सगळं वजन बाहेरच्या कडेवर आलं. मी पोचेपर्यंत त्याने स्वतःच बुटाची नाडी घट्ट आवळून धरली होती. घोट्याच्या बाहेरच्या हाडापुढे एक आखूड लिगामेंट असतं. पाऊल मुरगळलं की सगळ्यात आधी ते ताणलं जातं. मी अंगठा ठेवला तेव्हा तिथे मऊ खड्डा लागला. पंधरा मिनिटांत त्या जागी अंड्याएवढी सूज होती.

आमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे आमच्या गटातल्या विद्यापीठांची, स्पर्धा बारा दिवसांवर होती. आमच्यासारख्या लहान कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांत जायचं तर ही स्पर्धा जिंकणं हाच रस्ता. आम्ही सकाळी सहाला सुरुवात करायचो. बर्फाचं पाणी, मग हालचाल, रबरी पट्टा, मग एका पायावर तोल. दुपारी पुन्हा, सरावानंतर पुन्हा. नियमाप्रमाणे खेळाडूकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही, पण उपचारांचा वेळ त्या वीसात धरत नाहीत. बसचा प्रवासही नाही. सामन्याचा अख्खा दिवस गेला तरी तीन तास लावायचे. ती वेळेची नोंद आठवड्याच्या शेवटी त्याच्या सहीसाठी यायची. तो न वाचता सही करायचा आणि मी बघत असायची.

बाराव्या दिवशी तो एका पायावर दहा उड्या मारून दाखवत माझ्यासमोर उभा राहिला. "बघ, मारल्या." आठवीनंतर टाच डगमगली होती, ती मी बघितली. प्रशिक्षक दारात उभे होते, पण त्यांनी काही म्हटलं नाही, दबावही आणला नाही. त्याचे डोळे माझ्यावर होते. त्याला खेळायचं होतं आणि मला ते नाकारवलं नाही. कागदावर मी सही केली. दुहेरी टाचबंद घालून, नेहमीपेक्षा दोन थर जास्त टेप बांधून त्याला पाठवलं. उपांत्य फेरीत आम्ही हरलो. तो एकतीस मिनिटं खेळला. तो घोटा नंतर कधीही पहिल्यासारखा घट्ट झाला नाही. गेल्या दहा वर्षांत मी शेकडो घोटे हाताळले असतील. त्या सहीची आठवण प्रत्येक वेळी येते.

त्या दुखापतीचं बिल आधी त्याच्या आईच्या विम्यावर गेलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. विमा कंपनीने सोडलेला भाग विद्यापीठाने दिला. तिकडे हीच पद्धत सर्रास आहे. आपला मुलगा विद्यापीठाच्या जर्सीत पडला आणि कागद आपल्या घरी का आला, हे त्या बाईंना मला फोनवर समजावून सांगावं लागलं. सांगता सांगता मलाच ते पटेना.

मग मी वाचायला लागले. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द मी रोज कागदांवर लिहीत होते, तो कुठून आला हे मला माहीत नव्हतं. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना रे डेनिसन नावाच्या तरुणाच्या डोक्याला मार बसला आणि तो गेला. त्याच्या पत्नीने कामगार भरपाईचा दावा लावला. प्रश्न एवढाच होता की शिष्यवृत्तीवर खेळणारा मुलगा कॉलेजचा कामगार होता की नाही. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नव्हता. असे दावे टाळण्यासाठीच हा शब्द घडवला आणि सगळीकडे वापरायला लावला, हे १९५१पासून एनसीएएचा कारभार पाहिलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ते वाचल्यावर तो शब्द लिहिताना माझा हात अडखळायचा. बरगडीवरचा डाग विद्यार्थ्याचा की कामगाराचा?

मे २०१७ मध्ये तो पदवीधर झाला. साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठं पहिल्या श्रेणीत खेळतात आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दोन फेऱ्यांत मिळून साठ नावं पुकारली जातात. त्याचं नाव येणार नाही हे त्यालाही माहीत होतं. इंडियानात मोठ्या सेंटरची गोष्ट निघाली की ग्रेग ओडेनचं नाव निघतं. इंडियानापोलिसचा हा मुलगा ओहायो स्टेटकडून एक वर्ष खेळला आणि २००७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. दुसरा होता केव्हिन ड्युरँट. गुडघ्यांनी साथ सोडली आणि एनबीएत त्याचे सामने झाले अवघे १०५. नंतर तो चीनमध्ये एक मोसम खेळला, परत ओहायो स्टेटला गेला आणि २०१९ मध्ये पदवी पूर्ण केली. त्याच्याबद्दल लोक हळहळून बोलायचे. चव्वेचाळीस मात्र एकदा म्हणाला, "एकशे पाच म्हणजे एकशे पाच. तेवढे तरी खेळला."

त्याला फिनलंडचा करार मिळाला. युरोपातल्या करारात पगाराबरोबर राहायला घर, बहुतेक ठिकाणी गाडी आणि येण्याजाण्याचं तिकीट असतं. एजंटची फी क्लब देतो. निघण्याआधी तो खोलीत आला आणि मी त्याला एकच व्यायाम लिहून दिला: दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं. सकाळी दोन मिनिटं, रात्री दोन मिनिटं. जमलं की डोळे मिटून.

त्यानंतर माझ्या फोनवर घोट्याचे फोटो यायला लागले.

पहिला फोटो बाथटबमधला, पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे, टबाच्या कडेवर टाच. "ही सूज चालेल का?" मी लिहायची, बोटाने दाब, खड्डा किती वेळ राहतो ते सांग. तो मोजून सांगायचा. मधूनच खेळाबद्दल लिहायचा. तिकडे चोवीस सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, आमच्याकडे तीस होते, त्यामुळे स्क्रीन लावून वळायला वेळच नाही. आणि रिंगला लागून वर उडालेला चेंडू तिकडे थेट रिंगवरूनही उडवून लावता येतो, कॉलेजात त्याच गोष्टीला शिक्षा होती. हे त्याला फार आवडलं होतं. "इथे माझ्या उंचीचा उपयोग करायला परवानगी आहे," असं त्याने लिहिलं होतं.

परवानगी सगळीकडे नव्हती. २०१८ च्या उन्हाळ्यात एजंटने कोरियाचं नाव काढलं आणि आठवड्याभरात परत घेतलं, कारण त्याच वर्षी कोरियन लीगने परदेशी खेळाडूंना २०० सेंटिमीटरची मर्यादा घातली होती. डेव्हिड सायमन हा तिथे बरीच वर्षं खेळलेला अमेरिकन. त्याची उंची मोजली, २०२.१ भरली आणि त्याला जावं लागलं. चार्ल्स रोड्स १९९.२ भरला आणि राहिला. वर्षभरात तो नियम मागे घेतला गेला. उंच माणसाला आवरण्यासाठी नियम करणं हे या खेळात नवीन नाही. १९४०च्या दशकात जॉर्ज मायकन आणि बॉब कर्लंड रिंगमध्ये पडणारे चेंडू वरच्या वर अडवायचे म्हणून गोलटेंडिंगचा नियम आला. मायकनमुळेच १९५१ मध्ये एनबीएने रिंगखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला. १९६७ मध्ये कॉलेजांत डंक मारायलाच बंदी झाली. लोक तिला ल्यू अल्सिंडरचा नियम म्हणत. हाच पुढे करीम अब्दुल जब्बार झाला. बंदी १९७६ पर्यंत टिकली आणि तेवढ्यात त्याने हुक शॉट असा घोटवला की तो अडवणं कुणाला जमलं नाही. चव्वेचाळीसकडे हुक शॉट नव्हता. त्याच्याकडे स्क्रीन होत्या.

मग तो पूर्व युरोपातल्या एका क्लबकडे गेला. तिथे डिसेंबरपासून पगार थकला. अशा तक्रारींसाठी फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २००७ मध्ये लवाद उभा केला, त्याचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि करारात त्याचा उल्लेख असेल तर खेळाडू दाद मागू शकतो. त्याच्या करारात उल्लेख होता. पण दाद मागायची तर वकील, खर्च आणि महिने. एजंटने तडजोड केली. त्या मोसमात फोटो कमी आले. एकदा रात्री फक्त एवढंच आलं: "आज खेळलो नाही. पैसे येईपर्यंत सरावाला जायचं नाही असं एजंट सांगतो. घोटा मस्त आहे." विश्रांती मिळाली की घोटा मस्तच असतो.

२०१९ मध्ये जपान. दुसऱ्या श्रेणीची लीग, स्वच्छ हॉल, भाषांतराला स्वतंत्र माणूस आणि पगार तारखेला. पण तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी शनिवार-रविवार लागोपाठ दोन सामने होतात. मैदानावर एका वेळी परदेशी दोनच, म्हणून क्लब त्या जागांवर उंच माणसं आणतात, आणि ती उंच माणसं दोन्ही दिवस एकमेकांवर आदळत राहतात. रविवारी रात्रीचे फोटो वेगळेच असत. हाडाची कडच दिसायची नाही. मी लिहायची, सोमवारी पाऊल टेकू नको. तो लिहायचा, सोमवारी सुट्टी, मंगळवारी टेकतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे लीग बंद झाली आणि तो घरी परतला.

पुढचा फोटो ओहायोतून आला. पाय होता, पण बूट पुढे पोलादी टोपी असलेला, गोदामातला. तो रात्रपाळीला पार्सलं चढवत होता. खाली लिहिलं होतं, "इथे पहिल्याच दिवशी फॉर्म दिला. पडलास तर कोणाला कळवायचं, डॉक्टर कोणता, पैसे कोण देणार, सगळं लिहिलेलं." मी ते वाचून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. चार वर्षं कॉलेजात सात-आठ हजार लोकांसमोर तो पडत होता, तेव्हा असा कागद त्याच्यापुढे कुणी ठेवला नव्हता.

मी तेव्हा जर्मनीत होते. २०१८ मध्ये नवऱ्याची बदली श्टुटगार्टजवळ झाली. माझ्या पदवीची मान्यता आणि बी-टू पातळीची जर्मन यांत दीड वर्ष गेलं. मग गावातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात लागले. सकाळी पाठदुखीच्या आजीबाई, संध्याकाळी गावचा बास्केटबॉल क्लब. क्लब प्रो-ए मधला, म्हणजे बुंडेसलिगाच्या खालची पायरी. मैदानावर कायम किमान दोन जर्मन खेळाडू हवेत असा तिथे नियम, उरलेल्या जागांसाठी अमेरिकन मुलं येतात, एक मोसम राहतात आणि जातात.

पहिल्या महिन्यात आमच्या एका फॉरवर्डचा घोटा सरावात मुरगळला. मी सवयीने बर्फ आणला. व्यवस्थापक कागद घेऊन आला. जर्मनीत क्लबच्या पगारावर असलेल्या खेळाडूचा मुरगळलेला घोटा हा कामावरचा अपघात असतो. गवंडी मचाणावरून पडावा तसा. अपघात विम्याच्या व्यवस्थेने नेमलेल्या डॉक्टरकडेच न्यायचं, तो कामावर कधी जायचं ते ठरवतो, पुनर्वसनाचा खर्च विमा उचलतो. सहा आठवडे क्लब पगार देतो आणि त्यापुढे विम्याकडून दुखापत भत्ता. व्यवस्थापक अगदी सहज सांगत होता, रोजचं काम होतं त्याचं. माझ्या डोळ्यांपुढे इंडियानातला तो बारावा दिवस होता.

तिकडे अमेरिकेतही गोष्टी बदलत गेल्या. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, २०२५ पासून तर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ते कामगार आहेत का, हा प्रश्न मात्र अजून भांडणातच आहे. चव्वेचाळीसच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. त्याने कधी तक्रार केली नाही. शिष्यवृत्तीमुळे तो घरातला पहिला पदवीधर झाला, हे तो अभिमानाने सांगायचा. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

हंगेरीत एक मोसम काढून तो २०२२ च्या शरद ऋतूत जर्मनीत आला. आमच्याच लीगमध्ये, दुसऱ्या टोकाच्या एका क्लबकडे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांची बस आमच्या हॉलसमोर उभी राहिली. त्यांच्या फिजिओला ताप होता, ती आली नव्हती. अशा वेळी पाहुण्यांचे पाय यजमानांनी बांधायचे असा या पायरीवरचा शिरस्ता आहे. दारातून तो वाकून आत आला. दाढीत एक-दोन पांढरे केस. काही न बोलता तो टेबलावर चढला, मागे भिंतीला टेकला आणि मी स्टूल ओढलं.

पाय मांडीवर घेतला. बाहेरच्या हाडापुढे अंगठा ठेवला. खड्डा तिथेच होता, आता कडक, कडांनी जून झालेला. टाच धरून पाऊल हलकेच पुढे ओढलं, तर जायला नको तेवढं पुढे आलं. मी वर बघितलं नाही.

"दोन पायांवर उभं राहून दात घासणं मला आता जमतच नाही," तो म्हणाला.

"डोळे मिटून?"

"डोळे मिटून."

आधी चिकट फवारा, मग टाचेवर आणि पावलाच्या वर घडी पडते तिथे व्हॅसलीन लावलेल्या दोन गाद्या, त्यावर पातळ फोमची पट्टी. नडगीवर दोन वेढे, पावलावर एक. मग आतून बाहेर तीन उभ्या पट्ट्या, टाचेखालून वर ओढत, कारण त्याचं पाऊल आत वळतं, त्याला बाहेर धरून ठेवायचं असतं. मग आठच्या आकड्यासारखा फेरा, मग टाचबंद, दोन्ही बाजूंनी. टेपला सुरकुती पडू द्यायची नाही, सुरकुती पडली की फोड येतो. दहा वर्षांत माझे हात जुने झाले होते, पण त्या घोट्यावर ते आपोआप चालले. शेवटची पट्टी फाडली तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी तू सही केलीस म्हणून मी खेळलो, डॉक. अजून आठवतं मला."

मी म्हटलं, "मी सही करायला नको होती."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही. हॉलमध्ये वॉर्मअपचं संगीत सुरू झालं होतं.

मी आमच्या बाकावर बसले आणि त्याच्या स्क्रीन मोजल्या. आमच्या गार्डला तो दोनदा असा आडवा आला की गार्ड जमिनीवर बसला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रिबाउंडला चौघे वर गेले. तो उतरला, आणि मला न बघताच कळलं. आमच्याच मुलाच्या बुटावर. मी धावले तेव्हा त्याने नाडी आवळून धरली होती.

इस्पितळात रात्रपाळीच्या बाई संगणकावर अर्ज भरत होत्या. मी मधे बसून भाषांतर करत होते. अपघात किती वाजता झाला? तो म्हणाला, "तिसऱ्या क्वार्टरला चार मिनिटं बाकी होती." मी सांगितलं, पावणेनऊ. कुठे झाला? "रिंगखाली." मी हॉलचा पत्ता सांगितला. काय म्हणून कामाला आहेत?

"व्यावसायिक बास्केटबॉलपटू," मी सांगायला लागले. त्याला तेवढं जर्मन येत होतं.

"सेंटर," तो म्हणाला. "सेंटर लिहायला सांग."

बाईंना तो शब्द माहीत नव्हता. मी त्यांना सांगितलं की हा वाटेत उभा राहतो, दुसरा येऊन आदळतो, आणि मग तिसरा मोकळा होतो. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीत न मावणाऱ्या त्या माणसाकडे, आणि दोन्ही शब्द टाइप केले.

डॉक्टरांनी कात्रीने टेप उभी कापली. ती एकसंध सुटून बाजूच्या ट्रेमध्ये पडली, आत पाऊल असल्यासारखी. त्यांनी तपासलं, फोटो पाहिला आणि माझ्याकडे वळून दोन वाक्यं बोलले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सहा आठवडे," मी म्हटलं. "कमी नाही. आणि पगार चालू राहील."

"बाराव्या दिवशी?"

"बाराव्या दिवशी तू घरी असशील," मी म्हटलं, "आणि डाव्या पायावर उभा राहून दात घासत असशील."